फक्कीच्या रेषांना घाबरता कशाला?

नगरच्या आमच्या मंडळीतल्या तरुण संघानं लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, चर्चच्या आवारात फक्कीनं लॅबिरिंथ (प्रार्थना करत चालायची वळणावळणाची गोल वाट) आखायचं ठरवलं आणि व्हॉट्सॲपवर रणकंदन माजलं. एक काका म्हणाले, ही सरळसरळ प्रदक्षिणा; आज गोल फिरवाल, उद्या घंटा बांधाल. दुसऱ्यांच्या मते हे अमेरिकन फॅड. म्हणजे एकाच रेषा एकाला फार हिंदू वाटतात, दुसऱ्याला फार गोऱ्या.

मी राहते सॅन फ्रान्सिस्कोजवळ. तिथल्या ग्रेस कथीड्रलमध्ये दोन लॅबिरिंथ आहेत, एक बाहेर अंगणात, एक आत दगडी फरशीत. वाट एकच. फाटे नाहीत, चुकायची सोय नाही. सुरुवातीलाच ती मध्याच्या इतकी जवळ नेते की पोचलोच वाटतं, आणि मग वळवत वळवत पार कडेला आणून सोडते. आत जायची वाट तीच बाहेर यायची, त्यामुळे समोरून कुणीतरी येतंच. दुपारच्या सुट्टीत गळ्यात ऑफिसचं कार्ड अडकवलेली बाई, हातात बूट घेतलेला म्हातारा. एकानं पाऊल बाजूला घ्यायचं, दुसऱ्यानं पुढे जायचं. एखादं पोर सगळ्या रेषा तुडवत थेट मध्यावर धावतं. कुणी रागवत नाही.

फॅडचा आरोप अगदीच खोटा नाही. 1991 मध्ये ग्रेस कथीड्रलच्या कॅनन, म्हणजे तिथल्या एक पाद्री, लॉरेन आर्ट्रेस फ्रान्समधल्या शार्त्रच्या कथीड्रलला गेल्या, तिथल्या लॅबिरिंथवर मांडलेल्या खुर्च्या बाजूला सारून चालल्या आणि परत येऊन तोच नकाशा कॅनव्हासवर उतरवला. पुढे तो हॉस्पिटलांपर्यंत पोचला आणि ताण घालवायचा उपाय म्हणून विकलाही जाऊ लागला. जेरुसलेमला जाणं न जमणारे मध्ययुगात यावरच चालून यात्रा पुरी करत, ही गोष्ट इथे सर्रास सांगतात. तिला त्या काळातला पुरावा जवळजवळ नाही. नगरच्या पोरांनी ती सांगू नये.

पण काकांची धास्ती मला पटत नाही. शार्त्रचा लॅबिरिंथ तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा, सुमारे 13 मीटर रुंद, वाट 260 मीटरच्या आसपास. त्याच्या मधोमध एक धातूचा पत्रा होता, 1792 पर्यंत. त्यावर वीर थीसियस आणि भूलभुलैयातला बैलतोंड्या राक्षस मिनोटॉर कोरलेले होते असं जुनं वर्णन आहे. ग्रीक दंतकथा, तीही कथीड्रलच्या फरशीत! आकृती कुणा एका धर्माची नाहीच. गोव्यात सांगे तालुक्यात पणसायमळला कुशावतीच्या काठी जांभ्यावर ती कोरलेली आहे, पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीची. आणि नगरकरांनी तरी हा वाद घालू नये. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन आपल्या उपासनेत रुजवलं ते याच गावात राहून. त्यांची पदं म्हणताना टाळ वाजतात तेव्हा कुणाचा विश्वास डळमळत नाही.

मला परकं वाटतं ते वेगळंच. इथे जो तो एकटा चालतो, मुकाट. शेजारच्याचं नाव माहीत नसतं आणि विचारायचंही नसतं. मला ते आवडतं, कारण इथे मला कुणी ओळखत नाही. आमची मंडळी मोठ्यानं, एकत्र प्रार्थना करणारी. कुणाच्या घरी आजारी कोण, कुणाच्या मुलाला नोकरी नाही, सगळं नावानिशी देवापुढे मांडणारी. तिथे ही शांतता जशीच्या तशी उचलून आणली तर पहिल्या दिवशी गर्दी होईल आणि दुसऱ्या दिवशी पोरंच उरतील. त्यापेक्षा रांगेनं चाला, स्तोत्र म्हणत चाला. फ्रान्समधल्याच ओसेरच्या कथीड्रलमध्ये तर मध्ययुगात ईस्टरला पाद्री लॅबिरिंथवर चेंडू झेलत नाचायचे, हे लेखी आहे.

काकांना मी एवढंच लिहिलं, की आधी एकदा चालून बघा, मग घंटेचं बोलू. पोरांना वेगळं कळवलंय: मार्चचं ऊन आहे, सकाळी लवकर उरका, आणि तेवढे दिवस आवारात दुचाक्या लावू देऊ नका.