डच झोपड्यांची चित्रं म्हणजे तेव्हाचे फोटो नव्हेत

एक फॉरवर्ड जिकडेतिकडे फिरतोय, की सतराव्या शतकातले डच चित्रकार शेतात उभं राहून समोरची झोपडी जशीच्या तशी रंगवायचे, म्हणजे ते तेव्हाचे फोटोच, आणि तिथला शेतकरी किती भिकेला लागला होता याचा हा पुरावा. खाली चित्र मात्र व्हॅन गॉगचं. ही चित्रं माझ्या फार जवळची आहेत म्हणून लिहितोय.

आधी ते शेतात उभं राहून रंगवणं. बाहेर व्हायची ती स्केचेस, त्या काळचा डच चित्रकार यान व्हॅन गोयेनच्या काळ्या खडूने भरलेल्या वह्या आजही आहेत. रंगकाम घरी, ओकच्या फळीवर, आणि रंग इतका पातळ की त्याच्या आकाशातून लाकडाच्या रेषा दिसतात. रंग सहज बाहेर नेता येईल अशी ट्यूबच मुळी १८४१ ची.

जशीच्या तशी तर नाहीच. गोयेन ओळखीचं चर्च उचलून भलत्याच नदीकाठी ठेवायचा. रॉइस्डाल या दुसऱ्या डच चित्रकाराने १६५३ मध्ये जर्मनीतल्या बेंटहाइमचा किल्ला उंच डोंगरावर चढवला, खरी जागा म्हणजे साधी टेकडी.

पण सगळ्यात खटकतं ते गरिबीचं. हॉलंडचा शेतकरी तेव्हा लोणी आणि चीज विकून चांगले पैसे करत होता, धान्य बाल्टिककडून जहाजांनी यायचं. १६१२ मध्ये बेमस्टरचं तळं पवनचक्क्यांनी उपसून सुमारे ७,००० हेक्टर जमीन काढली, पैसा अॅमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांचा, प्लॉट सरळ रेघेत. हे नवं चौकोनी शिवार चित्रांत क्वचितच सापडतं, कारण चित्रकारांना आणि विकत घेणाऱ्या शहरी लोकांना आवडायचं ते कललेलं, शेवाळलेलं छप्पर. म्हणजे मोडकी झोपडी त्यांनी निवडलीये, तिच्यावरून अख्ख्या देशाची गरिबी कशी मोजणार? रेम्ब्रांटचं १६४१ चं झोपडीचं एचिंग (धातूच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र) घ्या, शेजारी गवताची गंजी आहे. तिकडे गंजीचं छप्पर खांबांवर वरखाली सरकतं, गवत संपत आलं की खाली घ्यायचं. एवढा चारा साठवणारं घर भिकेला लागलेलं नसतं.

राहिला व्हॅन गॉग. ते चित्र न्यूनन या डच खेड्यातलं, १८८५ चं, म्हणजे दोनशे वर्षांनंतरचं. गरिबी तिथे खरी होती आणि तो त्या घरांत जाऊन बसायचा. एकाच गवती छपराखाली दोन मोडकळलेली घरं, ती बघून त्याला एकमेकांना सावरून उभं असलेलं म्हातारं जोडपं आठवलं, असं त्याने भावाला पत्रात लिहिलं होतं. फॉरवर्ड करायचंच असेल तर त्या चित्राखाली निदान हे लिहा.