फ्रीजला भोक पाडण्याआधी

एप्रिल लागला की आमच्या दर्यापूरकडच्या ग्रुपांवर एक व्हिडिओ हमखास फिरतो. यंदा तो मला तिघांनी पाठवला. त्यातलं सांगणं थोडक्यात असं: विदर्भात चिलरशिवाय, म्हणजे टाकीचं पाणी गार ठेवणाऱ्या यंत्राशिवाय, घरच्या काचेच्या टाकीतले मासे उन्हाळा काढूच शकत नाहीत. विकतचा परवडत नसेल तर फ्रीजला दोन भोकं पाडा, आत नळीचं वेटोळं ठेवून त्यातून टाकीचं पाणी फिरवा, झाला चिलर. नाहीतर भंगारातल्या वॉटर कूलरची तांब्याची कॉइल टाकीत सोडा. पंख्यानं काही होत नाही, बर्फ टाका. आणि चिलर घेतलाच तर टाकीखालच्या कपाटात बसवून २२ अंशांवर लावून द्या. दोन मिनिटांत एवढं सगळं चुकवायचं म्हणजे कमाल आहे राजेहो!

आधी फ्रीजचं बोलू, कारण नुकसान तिथंच मोठं. शंभर लिटर पाणी ३५ अंशांवरून २८ वर आणायचं तर ७०० किलोकॅलरी उष्णता बाहेर काढावी लागते. ती काढली तरी खोली ४० वर असेल तर काचेतून पुन्हा आत येतच राहते. घरचा फ्रीज दूध-भाजी एकदा गार करून तशीच ठेवायला बनवलेला. त्याचा कॉम्प्रेसर थोडा चालतो, थोडा थांबतो. त्यात नळी लटकणार हवेत, आणि हवा काय, प्लॅस्टिक काय, उष्णता ओढून घ्यायला दोन्ही मठ्ठ. पाणी जसं गेलं जवळपास तसंच परत येतं, कॉम्प्रेसर रात्रंदिवस घरघरतो आणि दूध नासतं. शिवाय बऱ्याच फ्रीजमध्ये बाजूच्या पत्र्यामागेच गॅसच्या नळ्या असतात. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं नेमकं तिथंच ड्रिल लावलं. सुस्स झालं, गॅस गेला. त्याची माय काय म्हणाली ते इथं लिहिता येत नाही.

तांब्याच्या कॉइलचं उत्तर दोन वाक्यांचं आहे. पाण्यात उतरलेलं तांबं झिंगे-गोगलगायींना मारतं आणि माशांच्या कल्ल्यांनाही सोडत नाही. म्हणून तर माशांसाठीच्या चिलरमध्ये महागडी टायटॅनियमची कॉइल घालतात, कंपन्यांना काही पैसा वर आलेला नाही.

आता पंखा. ‘पंख्यानं काही होत नाही’ हे वाक्य मुंबईच्या दमट हवेत बसलेल्या माणसाचं असेल तर मी समजून घेईन. पण ज्या मुलखात मे महिन्यात घरोघरी कूलर चालतो, तिथं हे कोणी कसं म्हणावं? एक किलो बर्फ वितळून २८ अंशांवर आला की साधारण १०८ किलोकॅलरी ओढतो, म्हणजे शंभर लिटर पाणी जेमतेम एक अंश उतरतं. तेच पंख्याच्या वाऱ्यानं एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातं. हिशोबानं जवळपास सहा अंश! बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असली तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर २३ च्या आसपास थांबतो. टाकी एवढी खाली येत नाही, पण वाव किती आहे ते कळतं. माझ्या तीन फुटी टाकीवर जुन्या कॉम्प्युटरमधले १२ व्होल्टचे दोन पंखे झाकणाला तिरपे बांधले आहेत, वारा पाण्यावर घसरत जाईल असे. गेल्या मे महिन्यात खोलीत ३८ असताना पाणी २९-३० वर होतं. पावसाळ्यात हीच युक्ती लुळी पडते, पण तेव्हा गरजही तेवढी राहत नाही.

पंख्याची खरी अडचण वेगळीच आहे आणि व्हिडिओत तिचं नावही नाही. रोज बोटभर, म्हणजे तीन-चार लिटर पाणी उडतं, पण त्यातले क्षार टाकीतच राहतात. आम्ही राहतो पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, इथं जमिनीतलं पाणीच खारट. उडालेलं पाणी बोअरच्या पाण्यानं भरत गेलं तर महिनाभरात काचेवर पांढरा पट्टा चढतो आणि मासे पंख मिटून कोपऱ्यात बसतात. मी हे करून बसलोय. आता भर घालायला आरओच्या जारचं पाणी वापरतो, आणि आठवड्याला थोडं पाणी बदलतो ते वेगळं.

चिलर वाईट म्हणून मी हे लिहीत नाही. गोल्डफिश १८ ते २४ अंशांत सुखी असतो. तो हौसेनं पाळायचा किंवा नाजूक झिंगे ठेवायचे तर घ्यावा. पण चिलर उष्णता संपवत नाही, इथली उचलून तिथं टाकतो, वर स्वतःच्या विजेची त्यात भर घालतो. बंद कपाटात बसवला तर स्वतःचाच गरम श्वास पुन्हा ओढत बसतो. चारी बाजूंनी फूटभर मोकळी जागा ठेवा, गरम हवेचं तोंड खिडकीकडे करा. पाणी आधी फिल्टरमधून गाळून मग चिलरमध्ये जाऊ द्या, नाहीतर आत शेवाळ आणि घाण बसते. पंप मोठा लावला म्हणजे जास्त गार होतं असंही नाही. चिलरवर प्रवाहाचा आकडा लिहिलेला असतो, त्यातच राहा.

आणि २२ कशाला? आमच्याकडे दुपारी दोन-दोन तास लाईट जाते. पाणी २२ वरून वर चढणार, लाईट आली की पुन्हा खाली. असे हेलकावे झाले की माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आलेच म्हणून समजा. गोल्डफिश किंवा नाजूक झिंगे असतील तर २४, बाकीच्यांना २७ पुरे. व्होल्टेज १७० वर उतरतं अशा ठिकाणी स्टॅबिलायझर हवा, तोही लाईट आल्यावर तीन-चार मिनिटं थांबून चालू होणारा. नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात कॉम्प्रेसर जातो.

राहिलं ‘चिलरशिवाय मासे मरतातच’. गप्पी, मोली, गुरामी ३० अंशांवर मजेत असतात. खरा धोका प्राणवायूचा. गरम पाण्यात तो कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलीग्रॅम, ३५ ला सुमारे ७. त्यात रात्री लाईट गेली, एअर पंप बंद पडला, की पहाटे सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून गपागपा हवा घेताना दिसतात. अशा वेळी चिलरही बंदच असतो. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्रेसर बहुधा चालू होत नाही, एअर पंप मात्र रात्रभर आरामात चालतो. इन्व्हर्टर नसेल तर सेलवर चालणारा एअर पंप मिळतो, जिवंत मासोळी बाजारात नेणारे वापरतात तसला. माझा टाकीमागे खिळ्याला टांगलेला असतो.