नंदादेवी ‘अजिंक्य’ नाही

‘नंदादेवीवर आजवर कुणीच चढलं नाही, देवीच्या कोपामुळे सरकारने शिखर बंद केलं,’ असा मेसेज सध्या नागपुरातल्या ट्रेकिंग ग्रुपांवर फिरतोय. हे चूक आहे.

उत्तराखंडातल्या ७,८१६ मीटर उंचीच्या या शिखरावर २९ ऑगस्ट १९३६ रोजी टिलमन आणि ओडेल हे ब्रिटिश गिर्यारोहक पोचले. १९६४ मध्ये एन. कुमार यांच्या नेतृत्वाखालील भारतीय मोहीमही यशस्वी झाली.

खरं कठीण होतं ते पायथा गाठणं. भोवती उंच शिखरांचं कडं, त्याला फट एकच: ऋषिगंगा नदीची भयंकर घळ. तिथून वाट काढली ती १९३४ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक शिप्टन, टिलमन आणि त्यांच्या तीन शेर्पांनी. शेर्पांना विसरणं मला अन्याय्य वाटतं.

बंदी ऐंशीच्या दशकातली. कारण कचरा, वृक्षतोड आणि शिकार. कृपया मेसेज पुढे पाठवू नका.