एका ‘टक्’चा अर्थ

किल्ली फिरवली की गाडी सुरू व्हावी, यापेक्षा अधिक काही मी माझ्या गाडीकडून कधी मागितले नव्हते. त्या सकाळी मात्र किल्ली फिरवल्यावर बॉनेटखालून ‘टक्’ असा एकच आवाज आला आणि पुढे सारे शांत झाले. एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने शब्दही न बोलता जीभ टाळ्याला लावून आपली नापसंती कळवावी, तसा तो आवाज होता. मी पुन्हा किल्ली फिरवली, पुन्हा ‘टक्’. माणसाला एखादे उत्तर पटले नाही की तो तोच प्रश्न अधिक जोरात विचारतो. त्या न्यायाने मी अकरा वेळा किल्ली फिरवली, शेवटच्या दोन वेळा तर दात-ओठ खाऊन. गाडीचे उत्तर बदलले नाही.

“बॅटरी,” गॅलरीतून शेजारचे काका म्हणाले.

काकांनी गाडी पाहिली नव्हती, आवाजही नीट ऐकला नसावा. परंतु बंद पडलेल्या कुठल्याही गाडीविषयी त्यांचे निदान ठरलेले असते आणि ते एका शब्दाच्या पुढे जात नाही. त्या दिवसभरात ज्याला ज्याला मी हकीकत सांगितली, त्या प्रत्येकाने बॅटरीकडेच बोट दाखवले. माझ्या मते याचे कारण एवढेच, की बॉनेट उघडल्यावर सर्वसामान्य माणसाला खात्रीने ओळखू येणारी वस्तू बॅटरी हीच असते. इंजिनाला पहिले फेरे देऊन जागे करणारी स्टार्टर मोटर बिचारी इंजिनाच्या कुशीत, गिअरबॉक्सच्या आडोशाला, तेल आणि धुळीच्या थराखाली दडलेली असते, आणि जो दिसत नाही त्याच्यावर संशय घ्यायला फार मोठी प्रतिभा लागते. माझ्याकडे ती नसल्यामुळे मी नवी बॅटरी आणली. नव्या बॅटरीवर गाडीने तोच ‘टक्’ अधिक खणखणीतपणे म्हणून दाखवला.

“मग बॅटरी खराब दिली असेल,” काका म्हणाले.

शेवटी मी ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, “साहेब, सेल्फ गेलाय.” गॅरेजच्या भाषेत स्टार्टरला ‘सेल्फ’ म्हणतात, हे मला ठाऊक होते, तरीही कुणाचा तरी ‘स्व’ हरपल्याची बातमी इतक्या सहजपणे ऐकल्यावर माणूस क्षणभर गंभीर होतोच. मेकॅनिकला आठवडाभर सवड नव्हती. तोपर्यंत आपणच काही बघावे, असा विचार माझ्या मनात आला आणि पत्नीच्या चेहऱ्यावर तो लगेच वाचताही आला.

पुढचे दोन दिवस मी स्टार्टरविषयी जे मिळेल ते वाचले आणि तेव्हा कुठे मला कळले, की गाडी पहिल्या क्षणापासून आपले दुखणे अत्यंत नेमकेपणाने सांगत होती. किल्ली फिरवली की स्टार्टरच्या पाठीवरच्या सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या चुंबकाला, वीज मिळते, त्यातला लोखंडी दांडा आत ओढला जातो आणि तो एकाच हालचालीत दोन कामे करतो: एका टोकाने दहा-बारा दातांचे पिनियन नावाचे छोटे चाक पुढे सारून इंजिनाच्या फ्लायव्हील या जड चाकाच्या शंभराहून अधिक दातांच्या कड्यात अडकवतो, तर दुसऱ्या टोकाने तांब्याचे जाड संपर्क जोडून बॅटरीचा सगळा प्रवाह मोटरमध्ये सोडतो. ‘टक्’ हा त्या दांड्याचा आवाज. म्हणजे किल्ली, रिले, बारीक वायर आणि सोलेनॉइड या सर्वांनी आपापले काम केले होते; फाईल साहेबांच्या टेबलापर्यंत व्यवस्थित पोचली होती, फक्त सही होत नव्हती. बॅटरी खरोखरच उतरलेली असती, तर एक ‘टक्’ न येता ‘टकटकटकटक’ अशी घाई ऐकू आली असती, कारण मोटरने प्रवाह ओढताच व्होल्टेज कोसळते, दांडा सुटतो, व्होल्टेज सावरते आणि दांडा पुन्हा ओढला जातो. काहीच आवाज नसता, तर दोष दांड्याच्या अलीकडे शोधावा लागला असता. आणि मोटर नुसतीच ‘घूंऽऽ’ करून फिरली असती पण इंजिन हलले नसते, तर पिनियनची पकड सुटली असे समजायचे. इतके स्वच्छ बोलणारे यंत्र मी मुके समजत होतो.

आता पुरावा हवा होता. रात्री हेडलाइट लावून मी पत्नीला गाडीसमोर उभे केले आणि किल्ली फिरवली.

“दिवे मंदावतात का?” मी आतून विचारले.

“नाही. माझ्या डोळ्यांत जातात.”

दिवे मंदावत नाहीत, याचा अर्थ मोटर प्रवाह ओढतच नाही. धडधाकट स्टार्टर इंजिन फिरवताना शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो आणि त्या वेळी दिव्यांचे तोंड उतरल्यावाचून राहत नाही. मग मी मल्टिमीटर आणला. बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे पूर्ण भरलेली. किल्ली फिरवल्यावर तो आकडा १० च्या आसपास उतरायला हवा होता, पण तो १२.४ वरून खाली यायला तयार नव्हता. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला, अशा स्थितीत मी गाडीखाली आडवा झालो, मीटरची एक काडी सोलेनॉइडपासून मोटरकडे जाणाऱ्या बोल्टला आणि दुसरी इंजिनाच्या लोखंडाला लावली आणि पत्नीला किल्ली फिरवायला सांगितले. ‘टक्’ झाले, मीटरने १२ व्होल्ट दाखवले आणि मोटर जागची हलली नाही. वीज दारापर्यंत येत होती; आत घेणारे कोणी नव्हते. म्हणजे दोष मोटरच्या फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणाऱ्या ठोकळ्यांत, गॅरेजच्या भाषेत कार्बनमध्ये. हा शोध लागताच मी आनंदाने डोके उचलले. गाडीखाली असताना आनंदानेही डोके उचलू नये.

मेकॅनिकने फोनवर एक तात्पुरता उपायही सांगून ठेवला होता: कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगायची आणि त्याच वेळी स्टार्टरच्या अंगावर हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच ठोकायचे. झिजलेले कार्बन हादऱ्याने क्षणभर टेकतात आणि मोटर फिरते. मला हा प्रकार जादूटोण्यात मोडणारा वाटला होता. परंतु दुसऱ्याच ठोक्याला गाडी सुरू झाली आणि त्यानंतरचे चार दिवस मी त्या हातोडीच्या भरवशावर काढले. ऑफिसच्या पार्किंगमध्ये इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस हातात हातोडी घेऊन स्वतःच्या गाडीखाली वाकतो, दोन ठोके घालतो, मग हात पुसून सन्मानाने निघून जातो, हे दृश्य पाहणाऱ्यांच्या मनात काय येत असेल, याचा विचार मी टाळला. पाचव्या दिवशी ठोके सात झाले, सहाव्या दिवशी सतरा. मग दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून धक्का-स्टार्ट करण्याची वेळ आली. ‘सेल्फ’ नसला की चारचौघांच्या आधाराने चालावे लागते, हे मला त्या चारचौघांसमोर सुचले, परंतु ते धापा टाकत असल्यामुळे मी बोललो नाही.

तरीही आमचे हाल फारच बरे म्हणायचे. पूर्वी गाडीच्या तोंडाशी उभे राहून लोखंडी हँडल फिरवावे लागे आणि इंजिनाने उलटा झटका दिला, तर मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो पहिल्यांदा बसवून विकला गेला. केटरिंग यांनी त्याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्रासाठी छोटी विजेची मोटर बनवली होती. मोटरला क्षणभरच काम करायचे असेल, तर छोट्या मोटरकडूनही मोठे काम करून घेता येते, ही त्यांची मूळ युक्ती. म्हणूनच सेल्फ दहा सेकंदांपेक्षा अधिक वेळ सलग मारू नये, मध्ये त्याला थंड होऊ द्यावे. माझे त्या पहिल्या सकाळचे अकरा प्रयत्न आठवून मला उशिरा का होईना, पण ओशाळल्यासारखे झाले.

रविवारी मी स्टार्टर उतरवला. सर्वांत आधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढले, कारण स्टार्टरकडे जाणारी जाड वायर किल्ली बंद असतानाही जिवंत असते, बहुतेक गाड्यांत तिला फ्यूज नसतो आणि तिथे पाना टेकला तर पाना वेल्डिंगच्या कामी येतो. स्टार्टरला धरून ठेवणारे बोल्ट दोन होते. खालचा दोन मिनिटांत निघाला. वरचा बोल्ट बसवणाऱ्याला बहुधा कोपराच्या पुढे आणखी एक कोपर असावे. मी तो पाहू शकत होतो तेव्हा हात पोचत नव्हता आणि हात पोचला की तो दिसत नव्हता. लांब एक्स्टेन्शन, दीड तास आणि या लेखाच्या भाषेत न बसणारे काही शब्द, एवढ्या साहित्यावर तो अखेर फिरला.

मोटर उघडल्यावर चारपैकी दोन कार्बन इतके झिजलेले दिसले, की मागची स्प्रिंग त्यांना फिरत्या भागावरच्या तांब्याच्या कड्यावर, म्हणजे कम्युटेटरवर, दाबूच शकत नव्हती. नवा संच आणला, कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने घासून तांब्याचा मूळ रंग येईपर्यंत स्वच्छ केला. इथवर सगळे सुसह्य होते. पण चार कार्बन चार स्प्रिंगांविरुद्ध मागे दाबून धरायचे आणि त्याच वेळी त्यांच्या मधोमध आर्मेचर, म्हणजे तो फिरता भाग, सरकवायचे, हे काम चार हातांच्या देवांनाच शोभावे. तीन कार्बन दबले की पहिला बाहेर येई; एक स्प्रिंग तर उडून कपाटाखाली गेली आणि तिच्या शोधात मागच्या वर्षी हरवलेले पेन सापडले. अखेर कम्युटेटरच्याच मापाचे पान्याचे एक सॉकेट आधी मधे बसवून, मग त्यावरून कार्बन अलगद कम्युटेटरवर सरकवण्याची युक्ती सापडली आणि अर्धा दिवस अडलेले काम अर्ध्या मिनिटात झाले.

स्टार्टर जागेवर बसवला, दोन्ही बोल्ट आवळले, जाड आणि बारीक वायरी जोडल्या. सगळे घर गाडीभोवती जमले होते. मी हात पुसले, सावकाश आत बसलो आणि किल्ली फिरवली.

काहीच झाले नाही. या वेळी तर ‘टक्’सुद्धा झाले नाही, डॅशबोर्डवर एक दिवाही लागला नाही. मी पुन्हा खाली शिरलो, दोन्ही वायरी हलवून पाहिल्या, मीटर लावले, मीटरने शून्य दाखवले. वीस मिनिटे मी त्या शून्यावर चिंतन करत होतो.

“बॅटरी,” गॅलरीतून आवाज आला.

इतक्या दिवसांचा संयम एकवटून मी उत्तर देण्यासाठी बाहेर आलो, ताठ उभा राहिलो, आणि माझी नजर बॉनेटमध्ये गेली. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल मी सकाळी काढून ठेवले होते तसेच, बाजूला लटकत होते.