हॉटेलचं नाव नंतर, आधी बिल जपून ठेवा

सांगलीत कुणी हॉटेलात जेवून आजारी पडलं की पहिला प्रश्न येतो, "हॉटेल कुठलं?" गेल्या रविवारी माझ्या ताईच्या घरी हेच झालं. पण नाव मी लिहिणार नाही. अजून काहीच सिद्ध झालेलं नाही, आणि आता होणं अवघड आहे. माझा खरा राग त्यावरच आहे.

विश्रामबाग भागात सगळे रात्री जेवायला गेले होते. दाजी आणि भाचीनं फ्राईड राईस खाल्ला, दोघांना दोन-तीन तासांत उलट्या सुरू झाल्या. ताईनं रोटी-भाजी खाल्ली, ती ठणठणीत. मग संशय भातावर जाणारच. शिजवलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला की बॅसिलस सीरियस हे जिवाणू त्यात विष तयार करतात. त्यांचे बीजाणू भात शिजवतानाही टिकतात आणि ते विष मोठ्या आचेवर परतूनही जात नाही. म्हणून "आम्ही गरमागरमच दिला" हे मालकाचं उत्तर मला पटत नाही. भात शिजल्यावर किती वेळ बाहेर होता, ते सांगा. अर्थात हाताळणाऱ्याच्या हातावरचे स्टॅफिलोकोकस हे जिवाणूही इतक्याच लवकर उलट्या घडवतात. तपासल्याशिवाय कसं कळणार?

आणि तपासलं कुणी? दवाखान्यात सलाईन लागलं, केसपेपरवर 'गॅस्ट्रो' एवढंच आलं. काय खाल्लं, कधी खाल्लं, बरोबर कोण होतं, याची नोंद नाही. नमुना घेतला नाही. पार्सल आणलेला उरलेला भात सकाळी कचऱ्यात गेला. वर घरचे म्हणतात, "जाऊ दे, पोरगी बरी झाली ना!"

नाही जाऊ देणार. एवढ्याशा पोरीच्या अंगातलं पाणी कमी व्हायला किती वेळ लागतो?

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे. कलम ६५ मध्ये बाधित ग्राहकाला भरपाईची तरतूद आहे. डॉक्टरांनी विषबाधेच्या घटना कळवाव्यात, असं कलम ३५ खाली अधिसूचना काढून बंधनकारक करता येतं. ते सगळीकडे व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे. २०२२ पासून बिलावर १४ अंकी परवाना क्रमांक सक्तीचा आहे, म्हणून बिल फेकू नका. उरलेलं अन्न झाकून फ्रीजमध्ये ठेवा. डॉक्टरांना जेवणाची वेळ आणि पदार्थ लिहायला सांगा, नमुन्याचं विचारा.

ताईकडे बिल होतं, तक्रार मी केली आहे. त्या रात्री तिकडं भात खाऊन आणखी कुणाला त्रास झाला असेल तर मला इनबॉक्समध्ये नाव कळवू नका. अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ वर स्वतः तक्रार नोंदवा. एका घराची तक्रार योगायोग म्हणून सोडून देता येते, चार घरांची नाही.