कोळसा गॅसची जागा अडवतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आर्सिन हा चिपच्या कारखान्यात लागणारा आर्सेनिकचा विषारी वायू. तो वातावरणापेक्षा कमी दाबात सच्छिद्र कार्बनमध्ये, म्हणजे एक प्रकारच्या कोळशात, साठवण्याविषयीच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, तेही गॅस फिलिंगच्या कामात वर्षं घालवलेल्या माणसाच्या नजरेतून. म्हणून नीट उत्तर देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: सिलिंडरमध्ये कोळसा ठासला की तेवढी गॅसची जागा गेली. ही युक्ती खरोखर चांगली असती, तर सीएनजीच्या गाड्या अजून 200 बारची जड नळकांडी घेऊन फिरल्या नसत्या. करवंटीचा कोळसा स्वस्तात मिळत असताना या महागड्या कार्बनची गरज काय? आणि ‘दाब कमी म्हणजे धोका कमी’ ही विक्रेत्यांची भाषा आहे. विष ते विषच.

शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण त्याचा अर्धा भाग मलाही मान्य आहे. सिलिंडरमध्ये 300 ग्रॅम आर्सिन असेल तर ते 300 ग्रॅमच असतं, कोळशात असो वा नसो. हवेच्या दहा लाख भागांत आर्सिनचे 3 भाग झाले की ती हवा जिवाला तत्काळ धोकादायक मानतात. हा वायू रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो आणि त्यावर उतारा नाही. लसणासारखा वास येतो खरा, पण वास जाणवेपर्यंत सुरक्षित मर्यादा कधीच ओलांडलेली असते. आता हिशोब करा. 300 ग्रॅम म्हणजे खोलीच्या तापमानाला नव्वदेक लिटर वायू. तो 3 भागांच्या पातळीपर्यंत पसरला तर सुमारे 30,000 घनमीटर हवा विषारी होते. 100 मीटर लांब, 50 मीटर रुंद आणि 6 मीटर उंच शेड अख्खी भरेल एवढी. त्यामुळे ‘कोळशात ठेवलं की विष निवलं’ असं कुणी सांगत असेल, तर त्याला तुमच्याइतकाच माझाही विरोध आहे.

पण अपघातात नुसतं किती विष आहे एवढंच बघून चालत नाही, ते किती वेगानं बाहेर येतं हेही बघावं लागतं. जुन्या पद्धतीच्या सिलिंडरमध्ये शुद्ध आर्सिन द्रवरूपात असतं आणि 20 अंशांना आतला दाब सुमारे 15 बार असतो. व्हॉल्व्हची मान तुटली तर आतला दाबच सगळा माल बाहेर फेकतो. कार्बनवर साठवलेल्या सिलिंडरमध्ये दाब साधारण 650 टॉर ठेवतात, आणि बाहेरच्या हवेचा दाब असतो 760 टॉर. व्हॉल्व्ह उघडा राहिला तर आधी बाहेरची हवा आत शिरते. आर्सिन बाहेर येतं ते हळूहळू, विसरणानं, म्हणजे आपोआप हवेत मिसळत. गळती शून्य होत नाही. पण अलार्म वाजून माणसं बाहेर पडायला जो वेळ लागतो, तो या फरकातून मिळतो. मूळ लेखात मला सांगायचं होतं ते एवढंच, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

आता जागेचा प्रश्न. 2.2 लिटरचं रिकामं सिलिंडर 650 टॉर दाबानं आर्सिननं भरलं, तर 20 अंशांना त्यात फक्त 6 ग्रॅम माल मावतो. त्याच सिलिंडरमध्ये, त्याच दाबाला, योग्य कार्बन भरला की शेकडो ग्रॅम मावतात. कारण कार्बनमधली छिद्रं इतकी अरुंद असतात की एका बाजूच्या भिंतीची ओढ संपायच्या आत दुसऱ्या बाजूची सुरू होते. दोन्ही भिंतींच्या मध्ये सापडलेले रेणू जवळजवळ द्रवाइतके दाटीवाटीनं बसतात. आर्सिन सामान्य दाबाला उणे 62 अंशांच्या आसपास द्रव होतं. ती दाटी इथे खोलीच्या तापमानाला, वातावरणापेक्षा कमी दाबात साधते. कार्बनचा सांगाडा जागा घेतो हे खरं, पण उरलेल्या जागेची किंमत तो कित्येक पटींनी वाढवतो.

मोठ्या छिद्रांचा मात्र काही उपयोग नाही. ती नुसती पोकळी. दाणेदार कोळसा भरला तर दाण्यांमधल्या फटींत साधारण 35 ते 40 टक्के जागा जाते, आणि तिथे तुमचा आक्षेप पूर्ण लागू पडतो. म्हणूनच पुढे सिलिंडरच्या आकाराला बेतलेल्या कार्बनच्या अखंड वड्या आल्या.

तुम्ही डीए, म्हणजे विरघळवलेल्या ॲसिटिलीनची, सिलिंडर भरलेली आहेत, म्हणजे भरीव पोटाचं सिलिंडर तुम्हाला नवं नाही. तिथे ॲसिटिलीन ॲसिटोनमध्ये विरघळतं आणि ॲसिटोन सच्छिद्र मासमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या पोटातल्या भरावात, मुरलेला असतो. जुन्या काळच्या त्या मासमध्ये लाकडी कोळसाही घालत. तिथला हेतू मात्र वेगळा: ॲसिटिलीनचं विघटन एका जागी सुरू झालं तर ते पुढे पसरू नये. गॅस धरून ठेवायचं काम मुख्यतः ॲसिटोन करतो. तरीही जागा दिल्याशिवाय सुरक्षितता मिळत नाही, हा व्यवहार वेल्डिंगच्या धंद्यानं शंभर वर्षांपूर्वीच मान्य केला.

सीएनजीचा तुमचा दाखला मला सगळ्यात जास्त आवडला, कारण उत्तर त्याच्याच पोटात आहे. प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. 2007 साली अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या गटानं दाणे काढून उरलेल्या मक्याच्या कणसांपासून कार्बनच्या वड्या बनवल्या. त्यांनी 35 बारला टाकीच्या आकारमानाच्या 180 पट मिथेन (सीएनजीतला मुख्य वायू, सामान्य दाबाला मोजलेला) साठवल्याचं जाहीर केलं आणि कॅन्सस सिटीत एका पिकअप ट्रकवर चाचणीही घेतली. कोळशाशिवाय 35 बारला जेमतेम 37 पट मावतो, म्हणजे पाचपट फायदा. पण 200 बारच्या साध्या नळकांड्यात सुमारे 230 पट मावतो. 2012 मध्ये अमेरिकी ऊर्जा विभागानं म्हणूनच 263 पटींचं लक्ष्य ठेवलं. मिथेनचे रेणू आर्सिनपेक्षा खूप कमी ओढीनं चिकटतात, त्यामुळे 1 बारच्या खाली काम भागत नाही.

आणि खरी अडचण साठवण्यात नाहीच, काढण्यात आहे. रेणू भिंतीला चिकटताना उष्णता सोडतात आणि सुटताना ती परत मागतात. पंपावर काही मिनिटांत टाकी भरायची, तर कार्बन तापतो आणि तापलेला कार्बन कमी गॅस घेतो. गाडी चालू झाली, इंजिन भराभर गॅस ओढू लागलं की कार्बन थंड पडतो आणि गॅस सोडायला नाखूश होतो. टाकी 1 बारपर्यंत उतरली तरी बराच मिथेन आत अडकून राहतो. त्यात पाइपातल्या गॅसमधले जड हायड्रोकार्बन, वासासाठी घातलेले गंधकाचे संयुग आणि ओलावा हे सगळं छिद्रांत जाऊन बसतं आणि सहजी निघत नाही.

आता हीच कसोटी चिपच्या कारखान्यातल्या आयन इम्प्लांटेशनच्या यंत्राला लावा. सिलिकॉनमध्ये आर्सेनिक, फॉस्फरस किंवा बोरॉनचे आयन घुसवणारं हे यंत्र मुळात निर्वातात चालतं. ते मिनिटाला काही घनसेंटिमीटर एवढाच वायू मागतं. मिनिटाला 3 घनसेंटिमीटर धरले, तर 300 ग्रॅम आर्सिन अखंड वापरूनही वीसेक दिवस पुरेल. इतक्या मंद गतीला लागणारी उष्णता सिलिंडरच्या भिंतीतून आपोआप आत येते. यंत्राचा निर्वात हाच पंप. गाडीला जे जमत नाही ते इथे जमतं, कारण इथे घाई नाही. म्हणून एका ठिकाणच्या अपयशावरून दुसरीकडे निकाल लावू नये असं मला वाटतं.

करवंटीच्या कोळशाबद्दल. पाणी गाळायला तो उत्तम आहे, त्याविषयी दुमत नाही. पण त्यात राख असते, राखेत धातूंचे अंश असतात, आणि आर्सिनच्या बाबतीत ते घातक ठरतात. धातूंच्या संगतीत आर्सिनचं विघटन वाढतं. दोन रेणूंपासून हायड्रोजनचे तीन रेणू होतात, आणि खोलीच्या तापमानाला हायड्रोजन कोळशाला जवळजवळ चिकटतच नाही. म्हणजे बंद सिलिंडरचा दाब चढत जातो आणि वातावरणापेक्षा कमी दाब ठेवण्याचा हेतूच बारगळतो. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या एटीएमआय कंपनीनं ही पद्धत बाजारात आणली, तेव्हा आर्सिनसाठी आधी झिओलाइट हे सच्छिद्र खनिज वापरलं होतं. तिथून शुद्ध कृत्रिम पॉलिमर भाजून केलेल्या कार्बनकडे वळण्यामागे जास्त माल मावणं हे एक कारण होतं आणि ही शुद्धता दुसरं. महागडेपणा म्हणजे त्या शुद्धतेची किंमत.

तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं असं एक सांगतो. कमी दाबाचं सिलिंडर आगीजवळ राहिलं तर कमी दाबाचं राहत नाही. तापलं की कार्बन वायू सोडतो आणि दाब चढतो. शिवाय आत हवा शिरणं ही वायू बाहेर येण्यापेक्षा सौम्य घटना असली तरी निरुपद्रवी नाही. फॉस्फीनसारखा वायू हवेशी पेट घेऊ शकतो. त्यामुळे गॅस कॅबिनेट, एक्झॉस्ट, डिटेक्टर यांतलं काहीही या सिलिंडरमुळे काढून टाकता येत नाही. कोणी खर्च वाचवण्यासाठी तसं सुचवत असेल तर ऐकू नका.

शेवटी तुमचं वाक्य, ‘निदान रिकामी सिलिंडरं तरी हाताळायला सोपी’. इथे मात्र सावध राहायला हवं. यंत्राला पुरेसा प्रवाह मिळेनासा झाला की सिलिंडर बदलतात, पण त्या वेळीही अरुंद छिद्रांत काही आर्सिन घट्ट धरलेलं असतं. ते बाहेर काढायला जास्त खोल निर्वात किंवा उष्णता लागते. म्हणून परत जाणाऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, आउटलेटवर गॅसटाइट कॅप, आणि वाहतुकीची कागदपत्रं भरलेल्या सिलिंडरसारखीच.