एलसी३चे ठिपके दिसले म्हणून ऑटोफॅजी वाढली, असं नसतं

आज एका सेमिनारमध्ये पुन्हा तीच स्लाइड! पेशींना क्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध दिलं, चमकणारं जीएफपी जोडलेल्या एलसी३ या प्रथिनाचे हिरवे ठिपके वाढले, खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष: 'ऑटोफॅजी वाढली', म्हणजे पेशीने स्वतःचेच भाग दुहेरी पटलाच्या पिशवीत भरून पचवणं वाढलं; एलसी३ त्या पिशवीवर बसतं ना, म्हणून. कुणी हातसुद्धा वर केला नाही.

क्लोरोक्विन लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनाच्या कप्प्यात, साठतं, पाणी खेचतं, लायसोसोम फुगतो. मग व्ही-एटीपेज या तिथे आम्ल भरणाऱ्या पंपाचे व्ही१ आणि व्ही० हे भाग एकत्र येतात, त्यावर एटीजी१६एल१ हे ऑटोफॅजीच्या यंत्रणेतलं प्रथिन आपल्या डब्ल्यूडी४० भागाने बसतं, आणि त्याच्यासोबतचं एटीजी५-एटीजी१२ एलसी३ला त्या एकेरी पटलावरच चिकटवतं. दुहेरी पटलाची पिशवी यात तयारच होत नाही. शिवाय पचन थांबल्यामुळे जुन्या पिशव्या तुंबतात, त्यांचे ठिपके वेगळे. यातली कुठली गोष्ट 'वाढ' आहे?

एटीजी प्रथिनं म्हणजे फक्त पेशीतला कचरा उचलणारी यंत्रणा, हे डोक्यातून जातच नाही. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींनी १९९३मध्ये यीस्टमधून ही जनुकं हुडकली ती उपासमारीच्या प्रयोगातून, म्हणून ती ओळख चिकटली. पण ऑस्टिओक्लास्ट या पेशीला हाड विरघळवण्यासाठी लायसोसोम हाडाकडच्या पटलाला जोडावे लागतात, तिथेही एटीजी५ लागतं. मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशीने बुरशी गिळली की ती ज्या पिशवीत जाते त्या फॅगोसोमवर एलसी३ बसतं. त्याला रुबिकॉन आणि नॉक्स२ ही प्रथिनं लागतात. नेहमीची ऑटोफॅजी सुरू करणारी युएलके१, एफआयपी२०० लागत नाहीत.

आणि क्षयाचे उंदीर! सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचं २०१५चं काम विसरून कसं चालेल? एटीजी५ काढलेले उंदीर क्षयाने झपाट्याने मरतात, म्हणून ऑटोफॅजी जंतू मारते, असं सगळे धरून चालले होते. त्यांनी त्याच पद्धतीने एटीजी७, एटीजी३, एटीजी१६एल१, एटीजी१४ काढून पाहिली. ऑटोफॅजी बिघडली, पण उंदीर तसे मेले नाहीत. घोळ न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमध्ये होता: एटीजी५ नसलं की त्यांचा दाह आवरत नाही. म्हणजे एटीजी५ काढणं आणि ऑटोफॅजी थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. जिथे क्षयाचे इतके रुग्ण आहेत, त्या आपल्या देशात तरी हे तोंडपाठ हवं.

हो, मानवी मॅक्रोफेजमध्ये एटीजी७ आणि एटीजी१४ काढल्यावर जंतू वाढतात, हे २०२३मध्ये दिसलं. मान्य. त्याने उंदरांचा धडा पुसला जात नाही.

विद्यार्थ्यांवर मी चिडत नाही. किटसोबतच्या कागदावर 'ऑटोफॅजी मार्कर' लिहिलेलं असतं, गाइडला पेपर हवा असतो, पोरं काय करणार? तर पोरांनो, नीट ऐका. पटलाच्या लिपिडला जोडलेलं एलसी३-२ जेलवर १४ केडीएजवळ, मोकळं एलसी३-१ १६जवळ. १५ टक्के जेल घ्या, पीव्हीडीएफ मेम्ब्रेन ०.२ मायक्रॉनचा, ०.४५मधून इतकं लहान प्रथिन आरपार जातं आणि पट्टी फिकी येते. शेवटचे २ ते ४ तास लायसोसोममधलं पचन थांबवणारं बॅफिलोमायसिन १०० नॅनोमोलर, दिलेलं आणि न दिलेलं शेजारी-शेजारी. पण इथेच खाच आहे: बॅफिलोमायसिन व्ही-एटीपेजच अडवतं, त्यामुळे एकेरी पटलावरची जोडणीही बंद पडते. म्हणून एफआयपी२०० किंवा एटीजी१३ नसलेल्या, म्हणजे नेहमीची ऑटोफॅजी सुरूच न होणाऱ्या, पेशी हव्यातच. तिथेही औषधाने एलसी३-२ वाढलं आणि बॅफिलोमायसिनने गेलं, तर ती नेहमीची ऑटोफॅजी नाही. ठिपके मोजायचेत? एलसी३चं जी१२०ए उत्परिवर्तन सोबत ठेवा. ते लिपिडला जोडलं जाऊच शकत नाही, तरी ठिपके आले तर ते नुसते प्रथिनांचे गोळे.

आणि गाइडमंडळींनो, एटीजी१६एल१ काढलेल्या पेशींत एकदा मूळ जनुक आणि एकदा त्याचं के४९०ए हे उत्परिवर्तन टाकून बघायला काय अडचण आहे? के४९०ए असताना उपासमारीची ऑटोफॅजी चालू राहते, फक्त एकेरी पटलाचं काम थांबतं. इतकी स्वच्छ चाचणी हाताशी असताना ती न करता आलेला पेपर रिव्ह्यूला आला, तर मी तो परत पाठवणार. तुम्हीही पाठवा.